भाकरीच्या तव्यावर पॅनकेक सुटतील का? मंगळवारच्या आत सांगा

भुसावळकरीण
येत्या मंगळवारी, 17 फेब्रुवारी 2026 ला, पॅनकेक करायचेत. शेजारच्या आंटी जुन्या रेल्वेवाल्या अँग्लो-इंडियन घरातल्या. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपवास लागायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे पॅनकेक होतात आणि कंपाउंडच्या भिंतीवरून ताट आमच्याकडे येतं. वर लिंबू पिळलेलं, साखर भुरभुरलेली, कडा जाळीदार. पोरं सकाळपासून भिंतीशी घुटमळतात. यंदा आंटींचा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून ताट इकडून तिकडे जायला हवं.

पण मेलं त्याच दिवशी अमावास्या! सासूबाई एरवी अंड्याकडे काणाडोळा करतात, अमावास्येला मुळीच नाही. त्यात नॉनस्टिक घरात नाही, कळण्याच्या भाकरीचा लोखंडी तवा आहे. बिनअंड्याचं पीठ त्यावर सुटेल का? युट्यूबवाल्या बायका गुबगुबीत पॅनकेक दाखवतात, आंटींचे रुमालासारखे पातळ असतात. मला तेच हवेत.

केळीवाला_रावेर
वहिनी, तवा सुटेल. मिठाने खसखसून घासा, म्हणजे भाकरीचं जळकं पीठ निघेल. मग तेल लावून तापवा आणि धिरड्याला फिरवता तसा अर्धा कांदा तेलात बुडवून प्रत्येक वेळी फिरवा. पहिला फाटला तर फाटू द्या, तो तव्याचा.

बिनअंड्याचं म्हणाल तर वाटीभर मैदा, चमचाभर कॉर्नफ्लोअर, चिमूट मीठ, सव्वा वाटी दूध, चमचाभर वितळलेलं लोणी. दूध थोडं थोडं घाला, एकदम ओतलं की गुठळ्या. अर्धा तास झाकून ठेवा. पण अगदी पातळ नाही जमणार, उलटताना चिरतात. आमची केळी कुस्करून घातली तर पीठ धरतं, फक्त आच मंद ठेवा, लवकर करपतं.

नवापूरचा
ताई, आमच्या चर्चच्या मंडळीत हा दिवस पाळत नाहीत, त्यामुळे रेसिपीत माझा उपयोग शून्य. पण एक सांगू का? पूर्वी लेंटमध्ये अंडी, दूध, लोणी वर्ज्य असायचं. घरातला साठा आदल्या दिवशी संपवायचा म्हणून हे पॅनकेक. अंडंच काढलंत तर संपवणार काय? ईस्टर यंदा 5 एप्रिलला, त्याच्या 47 दिवस आधीचा हा मंगळवार. उपवास 40 दिवसांचे, मधले रविवार धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार, कपाळाला राख लावतात. ती बहुधा आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) झावळ्या जाळून केलेली असते.

सरळ आंटींच्याच स्वयंपाकघरात करा ना. अंडी तिकडेच फोडा.

म्हापशाची_लेक
+1. मी माहेरची गोव्याची, सासर धुळ्याचं, त्यामुळे हा तिढा चांगलाच ओळखीचा आहे! अंडी चालली तर वाटीभर मैद्याला दोन अंडी आणि दोन वाट्या दूध. पीठ डावावरून धारेने पडलं पाहिजे. तव्यावर ओतलं की लगेच तवा हातात धरून गोल फिरवायचा, डावाने पसरायला जाऊ नका. कड सुटून वर यायला लागली की उलटा.

लिंबू-साखर आंटींसाठी ठेवा, पोरांसाठी ओलं खोबरं आणि गूळ परतून, वेलची घालून भरा. आमच्याकडे त्याला आलेबेले म्हणतात. मिश्रण गार करूनच भरा, गरम असलं की गूळ बाहेर येतो.

भुसावळकरीण
नवापूरकर, सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "तिच्या घरात काय करायचं ते कर, आपला तवा मात्र नेऊ नको." आंटींकडे बिडाचा तवा निघाला, पण वर्षभर पडून आहे, मधोमध गंज. तो उचलून गोल फिरवायचा म्हणजे माझंच मनगट जायचं. काय करू?

केळीवाला_रावेर
गंज घासून काढा, धुऊन चुलीवर कोरडा करा, तेल चोळून धूर निघेपर्यंत तापवा, गार करा. असं दोनदा, आणि सोमवारीच. फिरवायला दीरांना बोलवा की, नाहीतरी खायला येणारच आहेत.