खोका फुगला, आता फरक कोणाच्या खिशातून?

५०२ ताई: नमस्कार. विषय सोसायटीचा नाही, पण आमच्या घरात दोन तट पडलेत म्हणून विचारते. जुना टेबललॅम्प ऑनलाइन विकायला टाकला होता. किमतीशेजारी पाठवणीचा खर्च वेगळा लिहायचा असतो. मी लॅम्प हातात घेतला, हलका वाटला, अंदाजाने आकडा लिहून मोकळी झाले. दोन दिवसांत विकला गेला, पैसेही जमा झाले. आज खोका घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेले तर तिथला आकडा मी लिहिला त्याच्या सहापट! खोका उचलून तशीच घरी आले. हा फरक घेणाऱ्या बाईंकडे मागायचा का? आमचे हे म्हणतात, माग. लेक म्हणते, आई, शोभतं का तुला.

२०३ वहिनी: मागा की! वस्तू घरपोच मिळतेय त्यांना. तुम्ही काही त्यात कमाई करत नाही आहात.

४०१ पुस्तकवाला: ताई, मागू नका. आकडा तुम्ही लिहिलाय.

सेक्रेटरी: ग्रुपवर कृपया फक्त सोसायटीचे विषय. उद्या टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते १ पाणी बंद राहील.

२०३ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, परवा तुमच्या नातवाचा नाचाचा व्हिडिओ कोणत्या विषयात बसत होता?

सेक्रेटरी: 🙏 चालू द्या.

३०४ काका: सहापट कशी काय? वजन किती भरलं?

५०२ ताई: तेच तर काका! काट्यावर ३ किलो १०० ग्रॅम. मग त्या मुलाने टेप काढली, तिन्ही बाजू मोजल्या, आकडे घातले आणि म्हणाला २४ किलो ३००. मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या डोळ्यांदेखत काट्यावर ठेवलाय. तर म्हणे, मॅडम, ते खरं वजन. बिल व्हॉल्यूमेट्रिकवर.

३०४ काका: खोका ६०, ४५, ४५ चा आहे का?

५०२ ताई: अगदी तेवढाच! टेबलफॅनचा जुना खोका. तुम्हाला कसं कळलं?

३०४ काका: उलटं गणित केलं आणि टेबलफॅनचे खोके साधारण तेवढेच असतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५००० ने भागायचं. १,२१,५०० भागिले ५०००, बरोबर २४.३. खरं वजन आणि हे वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. काही ठिकाणी ६००० ने भागतात, तेव्हा जरा कमी पडतं. यात फसवणूक नाही. गाडीत किंवा विमानात हलक्या सामानाने वजनाआधी जागाच संपते, म्हणून जागेचे पैसे घेतात. तुम्ही तीन किलोचा लॅम्प आणि एकवीस किलोची हवा पाठवत होतात.

२०३ वहिनी: हवेचे पैसे! ऐकावं ते नवल.

४०१ पुस्तकवाला: वहिनी, मी तीन वर्षं जुनी पुस्तकं विकतोय. माझ्याकडे हवा नसते, निव्वळ वजन, तरी सुरुवातीला सपाटून मार खाल्लाय. एक जाड शब्दकोश होता. नुसता काट्यावर ९६० ग्रॅम, म्हणून एक किलोचा दर लिहिला. मग दोन बाजूंना पुठ्ठे लावले, बबल रॅप गुंडाळला, वरून टेप. झाला १ किलो ४०. दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो, त्यामुळे त्या ४० ग्रॅमसाठी दीड किलोचे भरले. महिनाभर असंच चाललं होतं आणि मी आपला कुरिअरवाल्यांच्या नावाने खडे फोडत होतो. आता आधी पॅक करतो, टेपसकट वजन करतो, मगच जाहिरात टाकतो.
फरक मी एकदाच मागितला. गिऱ्हाइकाने मुकाट्याने दिला. आणि खाली रिव्ह्यू लिहिला, "पुस्तक उत्तम. माणूस मागाहून पैसे मागतो." तो अजून तिथेच आहे. नवीन माणूस आला की आधी तोच वाचतो.

२०३ वहिनी: तू धंदा करतोस रे. ताईंनी एक लॅम्प विकलाय. त्यांना ही भागाकाराची भानगड कुठून माहीत असणार?

४०१ पुस्तकवाला: मान्य. पण मग घेणाऱ्या बाईंना कुठून माहीत असणार?

५०२ ताई: हं.

१०१ वकीलकाका: उशिरा वाचलं. ताई, वस्तूची किंमत अधिक पाठवणी असा आकडा तुम्ही मांडलात, त्यांनी तो कबूल करून पैसे भरले. सौदा तिथे पुरा झाला. त्यानंतर एका बाजूने आकडा वाढवता येत नाही. तुमचा अंदाज चुकला, हे दुसऱ्याने भरायचं कारण होत नाही.

२०३ वहिनी: पण वकीलकाका, चूक उघड दिसत असेल तर? एवढ्याशा पैशात लॅम्प येत नाही हे न कळायला त्या बाई काय कुक्कुलं बाळ आहेत?

१०१ वकीलकाका: वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं. अगदी याच मुद्द्यावर १९३९ चा एक गाजलेला इंग्लिश निकाल आहे, आम्हाला कॉलेजात शिकवला होता. सशांच्या कातड्यांचा सौदा होता. भाव नगावर ठरायचा, बोलणीही नगावर झालेली. विकणाऱ्याने शेवटच्या कागदावर चुकून तोच भाव पौंडावर, म्हणजे वजनावर लिहिला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे माल तिसऱ्या हिश्शात! घेणाऱ्याने झटकन हो म्हटलं आणि माल मिळेना तेव्हा भरपाईचा दावा लावला. कोर्टाने फेटाळला. ही चूक आहे हे तुम्हाला कळलेलंच असणार, आणि कळूनसवरून झडप घालता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

२०३ वहिनी: बघा!!

१०१ वकीलकाका: थांबा, पुढचं वाचा. तिथे दोघेही त्याच व्यापारातले, आणि भाव नगावर असतो हे दोघांनाही तोंडपाठ. इथे लॅम्प ताईंच्या हातात होता, खोका ताईंच्या घरात होता, तरी त्यांना कळलं नाही. त्या बाईंनी तर नुसता फोटो पाहिलाय. त्यांना कळायलाच हवं होतं, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? आणि दुसरी गोष्ट, चूक उघड ठरली तरी सौदा मोडतो. जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. लोक नेमकी इथेच गल्लत करतात.

३०४ काका: हे पटलं. म्हणजे एक तर ठरल्या पैशात पाठवा, नाहीतर सगळे पैसे परत करा.

१०१ वकीलकाका: परत करणंसुद्धा त्यांच्या राजीखुशीने. सौदा पुरा झालाय, त्या "मला लॅम्पच हवाय" म्हणू शकतात. लॅम्पसाठी कोर्टात कोणी जाणार नाही, ते वेगळं. रीतसर दुकानदार असेल तर नियम आणखी कडक. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात स्पष्ट म्हटलंय की विक्रेत्याने आधी न सांगितलेला जादा खर्च ग्राहकाने सोसायचा नाही. ताई काही दुकानदार नाहीत, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं.

६०१ आजोबा: मी टपाल खात्यात नोकरी केली आहे, म्हणून लिहितो. इंग्लंडात १८४० पूर्वी बहुतेक पत्रांचे पैसे घेणाराच भरत असे, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. पत्र दारात आल्यावर लोक नको म्हणत, आणि ते नेण्याआणण्याचा खर्च फुकट जाई. टपाल सुधारक रोलंड हिल यांनी सुचवले की पाठवणाऱ्याने आधी पैसे भरावेत, पुराव्यादाखल तिकीट लावावे. तिकिटाचा जन्म त्यातून झाला. आमच्या वेळी तिकीट कमी लावलेले पाकीट आले तर तुटीच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होई. त्याला नॉटपेड म्हणत. परदेशी पाकिटावर टी अक्षराचा शिक्का असे.

२०३ वहिनी: आजोबा, म्हणजे तूट घेणाराच भरायचा ना? मी सकाळपासून दुसरं काय सांगतेय!

६०१ आजोबा: भरायचा, पण त्याला नाही म्हणण्याची मुभा होती. नाही म्हटले की पाकीट उलटपावली पाठवणाऱ्याकडे, तूट त्याच्या नावावर. आणि मुख्य म्हणजे घेणाऱ्याने आधी कोणाला काही दिलेले नसे. या बाईंनी पाठवणीचे पैसे आधीच मोजलेले आहेत. नॉटपेड पाकीट हातात देताना लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत. पैसे थोडे असत, राग मोठा असे.

४०१ पुस्तकवाला: ताई, माझा एकच प्रश्न. राग मानू नका. अंदाज उलटा चुकला असता, म्हणजे खर्च कमी आला असता, तर उरलेले पैसे परत पाठवले असते का?

२०३ वहिनी: ते पॅकिंगचे समजायचे असतात.

४०१ पुस्तकवाला: वहिनी, ताईंना विचारलंय.

२०३ वहिनी: हा संदेश काढून टाकला आहे

५०२ ताई: खरं सांगू? मागे पडदे विकले होते. घडी घालून एवढंसं पुडकं झालं, खर्च मी लिहिलेल्याच्या निम्माच आला. उरलेले माझ्याकडेच राहिले. परत द्यायचे असतात हे मनातही आलं नाही. आत्ता तुझा प्रश्न वाचून आठवलं.

४०१ पुस्तकवाला: 🙂 मीही ठेवतो ताई. म्हणून तर कमी पडले की गप्प बसतो.

३०४ काका: चर्चा पुरे. लॅम्पची शेड निघते का?

५०२ ताई: वरची चकती फिरवली की निघते बहुतेक. का?

३०४ काका: टेप घेऊन वर येतोय.

२०३ वहिनी: तोवर मी सुचवते. कुरिअरवाल्याला माप कमी सांगा, खोका चिकटवलेला असतो, कोण मोजतंय.

४०१ पुस्तकवाला: मोजतात वहिनी. मोठ्या केंद्रावर पट्ट्यावरून जाताना यंत्र तिन्ही बाजू मोजतं. फरक निघाला की बिल मागाहून पाठवणाऱ्यालाच लागतं. आणि एका बाजूला फुगवटा आला असेल तर माप फुगवट्याचं धरतात.

१०१ वकीलकाका: ताई, त्या बाईंना काही विचारायचंच असेल तर खोका घरात आहे तोवर विचारा, आणि "नाही" म्हणायची पूर्ण मोकळीक ठेवून. "माझा अंदाज चुकला, ठरल्याप्रमाणे पाठवतेच आहे, निम्मा भार उचलता आला तर बघा" हे चालेल. "फरक आल्याशिवाय लॅम्प निघणार नाही" ही अडवणूक. वस्तूही तुमच्याकडे आणि पैसेही तुमच्याकडे असताना तर ती दिसायला फारच वाईट दिसते.

५०२ ताई: "निम्मा बघा" सुद्धा नाही विचारत काका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. मला तसं कोणी विचारलं तर मीही हो म्हणेन आणि आठवडाभर धुसफुसेन.

(पाऊण तासाने)

५०२ ताई: काका आलेत. जमिनीवर सगळा पसारा. शेड निघाली. दांडाही खालच्या बैठकीपासून फिरवून सुटा होतो! दहा वर्षं घरात होता हा लॅम्प, आम्हाला पत्ता नाही. दांडा आणि बैठक जुन्या टॉवेलात गुंडाळून शेडच्या पोकळीतच बसवली.

३०४ काका: नवा खोका ४० बाय ४० बाय ३०. ४८,००० भागिले ५०००, म्हणजे ९.६ किलो. २४.३ वरून. ताईंनी आधी सगळीकडून थर्माकोल कोंबला होता, तो निम्मा काढायला लावला. झाकण टेकत नव्हतं, पोट वर आलं होतं. तिन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर फुगला असता तर हाच खोका ११.३ किलोचा झाला असता.

५०२ ताई: आमचे हे बाजूला उभे राहून म्हणतात, हे कुरिअरकडे न्यायच्या आधीच करायला हवं होतं. जसं काही यांनी कधी खोका भरलाय.

४०१ पुस्तकवाला: 😂 मग आता किती जातील पदरचे?

५०२ ताई: कुरिअरला फोन केला. माझ्या आकड्याच्या साधारण अडीचपट. सहापटीपेक्षा बरं. वरचे मी भरते. पडद्यांमधले वळते करून घेतले असं समजते.

२०३ वहिनी: मला अजूनही वाटतं त्यांना निदान कळवावं. फुकटात काय काय होतं ते लोकांना कळायला हवं.

५०२ ताई: कळवलं ना. "खोका बदलावा लागला, एक दिवस उशीर होईल" एवढंच लिहिलं. उत्तरही आलं त्यांचं.

२०३ वहिनी: काय म्हणाल्या? आभार मानले का?

५०२ ताई: विचारलंय, लॅम्पबरोबर बल्ब येतो का.

२०३ वहिनी: घ्या!!! द्या आता बल्बही पदरचा!

३०४ काका: शेडच्या आत जागा आहे. मोज्यात घालून ठेवा. खोका वाढणार नाही.

सेक्रेटरी: ताई, मोजे नंतर. टाकीसाठी पाचव्या मजल्यावरची चावी तुमच्याकडे आहे का?