वसंतातली गरुड-गणना: भोवऱ्यातले पक्षी नेमके कसे मोजायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वसंतात परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांची गणना आम्ही काही जण मिळून करतो. डोंगराची उघडी धार आहे, दोन्हीकडची दरी दिसते. येतात ते मुख्यतः स्टेप ईगल जातीचे गरुड. सोबत घारी, बझर्ड, एखाददुसरा हॅरियर. दुर्बिणी, स्कोप, मोजणीचं क्लिकर सगळं आहे. अडतं ते मोजणीपाशी.

ऊन तापलं की थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत, उठतो आणि गरुड त्यात गोल फिरत वर चढू लागतात. बघता बघता मोठा भोवरा होतो. खालून नवे येऊन मिळतात, वरचे पंख आखडून सुटतात, मधले एकमेकांआड जातात. दोघांनी शेजारी उभं राहून एकच भोवरा मोजला तरी आकड्यांत बराच फरक पडतो. मग वहीत कुठला लिहायचा? सरासरी काढणं मला पटत नाही, तो आकडा कुणीच पाहिलेला नसतो.

दुसरं, तिथेच राहणाऱ्या घारी दिवसभर त्याच थर्मलवर असतात. स्थलांतर करणाऱ्या घारी त्यांतून वेगळ्या कशा काढायच्या?

तिसरं, वय. लहान वयाच्या स्टेप ईगलच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो, पण वसंतापर्यंत पिसांची टोकं झिजून तो अरुंद होतो. लांबून अशांचं वय तुम्ही नोंदवता की सोडून देता?

इतकं खोदून विचारण्याचं कारण म्हणजे २०१५ पासून हा पक्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. गिधाडांचा घात करणारं डायक्लोफिनॅक हे गुरांना दिलं गेलेलं वेदनाशामक यालाही मारतं, हे राजस्थानात मेलेल्या गरुडांच्या तपासणीतून २०१४ मध्ये पुढे आलं. हिमालयाच्या कडेने शरदात पश्चिमेकडे आणि वसंतात पूर्वेकडे जाताना हे गरुड धारांवर एकत्र सापडतात. तिथले आकडे भरवशाचे हवेत.

प्रतिसाद

भोवरा मोजू नका, सुटणारे मोजा. थर्मलच्या माथ्यावर पोचले की गरुड एकामागोमाग निसटतात. समोरच्या एखाद्या ठळक सुळक्यावरून उभी रेघ कल्पा. ती ओलांडली की क्लिक. एकाने फक्त मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि मागून काय येतंय ते सांगायचं. भोवऱ्याचा अंदाज वेगळ्या रकान्यात, बेरजेत नको.

घारींनाही तीच रेघ. ओलांडून नजरेआड गेली तर धरा, उलटी आली तर वजा करा.

पट्टा स्पष्ट दिसला तरच वय लिहा, नाहीतर 'अनिश्चित'. वसंतात प्रौढ पक्षी आधी जातात आणि तरुण मागाहून, त्यामुळे तारखेवरून वय भरायचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर तपासायची गोष्टच आधी गृहीत धरल्यासारखं होईल.

आणि एकही पक्षी न दिसलेला तासही लिहाच, वारा आणि ढगांसकट. निरभ्र निळ्या आभाळात उंचावरचे गरुड नजरेतून निसटतात. पांढऱ्या ढगावर तेच चटकन दिसतात. ढगांचा रकाना नसेल तर कमी आकडा पक्ष्यांमुळे की आभाळामुळे, हे नंतर सांगता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

खूप आभार, रेघेचं लगेच करून पाहतो. वारा फिरला की थवे दरीच्या पलीकडून जातात. तेव्हा रेघ हलवायची का?

प्रतिसाद

नको. हंगामभर रेघ एकच ठेवा. माणूस मिळाला तर पलीकडे दुसरी जागा धरा, घड्याळं जुळवून घ्या आणि प्रत्येक थव्याची वेळ मिनिटासह व दिशेसह लिहा. दोन्ही वह्या संध्याकाळी शेजारी ठेवल्या की दुबार नोंदी सापडतात.