जुन्या गावठाणात डिटेक्टर फिरवायला परवानगी कुणाची?

माळवद93
लातूर जिल्ह्यातलं आमचं गाव 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात गेलं. पुनर्वसन जवळच झालं, पण जुनं गावठाण तेव्हापासून ओसाड. वेड्या बाभळी, मातीचे ढिगारे, मधेच एखादा उंबरा. आमच्या घरात जात्याशेजारी आईनं आजीचे चांदीचे तोडे पितळी डब्यात घालून पुरले होते. तेव्हा कोण शोधणार, माणसं काढता काढता हात सोलले होते. भाचा इंग्लंडहून मेटल डिटेक्टर घेऊन आलाय. तिकडे तो शेतकऱ्याला विचारून रानात फिरतो म्हणे. इथं मी तलाठ्याला विचारलं, त्यांनी ग्रामपंचायत दाखवली, ग्रामपंचायतीनं तहसील. तिथं एकानं "गुप्तधन का?" म्हणून डोळा मारला. आता कुठं जाऊ?

जुना_कारकून
तोंडी विचारत फिरलात तर असंच होणार. आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा जुना नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद, काढा, जागा आज कुणाच्या नावावर आहे ते दिसेल. सरकारच्या नावावर असेल तर तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, प्रत ग्रामपंचायतीला. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दिवसा, तलाठी आणि पंचांसमोर शोधू, खड्डा बुजवू, असं लिहा.

चोरून खणायचं मनातही आणू नका. 1878 चा निखात निधी, म्हणजे गुप्तधनाचा, कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली 10 रुपयांवरची कुठलीही वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षभराची कैद होऊ शकते. पण 100 वर्षांच्या आत पुरलेल्या वस्तूवर पुरणाऱ्याला किंवा वारसाला हक्क सांगता येतो. म्हणून तोड्यांचं बारीक वर्णन आत्ताच अर्जात घाला, सापडल्यावर नको.

कडबा
आमच्याकडं रात्री बॅटऱ्या घेऊन खणणारे सापडले, सोबत लिंबू-नारळ. लोकांनी आधी चोपलं, मग पोलीस. तुम्ही पोलीस पाटलाच्या कानावर नक्की घाला.

यंत्राचं सांगतो. माळवदाची, म्हणजे धाब्याच्या छताची, माती कमरेएवढी पडली असेल तर वरून काही कळणार नाही. नाण्याएवढी वस्तू जेमतेम वीतभर खोल लागते, डबा थोडा जास्त. वर खिळे, कड्या, बिजागऱ्या सतत किंचाळणार. आधी जात्याची जागा आईकडून नक्की करा. एखादी मूर्ती, जुनी नाणी लागली तर तिथंच थांबा, पुराणवस्तूंचा कायदा वेगळा.

माळवद93
नमुना 8 वर वडिलांचं नाव निघालं, सातबाऱ्याचं बघतोय. अर्ज दिला, शिक्का मिळाला. वर्णन आईला विचारलं. म्हणाली, एका तोड्याचा फासा तुटलाय, तांब्याच्या तारेनं बांधलाय, आणि जातं उत्तरेच्या भिंतीला होतं. भाऊ म्हणतो दक्षिणेच्या. रविवारी आईला खुर्ची घेऊन तिथं नेतोय, मशीन घरीच ठेवून.