पॉवर प्रेसवर भावाची बोटं गेली, ठेकेदार स्टॅम्पवर सही मागतोय. काय करावं?

निलंग्याची लेक

नमस्कार. शुक्रवारपर्यंत ठेकेदाराला उत्तर द्यायचंय, म्हणून घाईत लिहितेय.

माझा धाकटा भाऊ, वय २४, चाकणला एका छोट्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला होता. ९ जानेवारी २०२४ ला रात्रपाळीत पॉवर प्रेसच्या (पत्रा दाबून कापायच्या मशीनच्या) डायमधला, म्हणजे साच्यातला, जॉब काढायला हात आत घातला आणि प्रेसने डबल स्ट्रोक मारला, लगेच पुन्हा खाली आला. उजव्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. हात आत जाऊ नये म्हणून असलेला गार्ड आठवडाभर आधीच काढलेला. प्रॉडक्शन निघत नाही म्हणून सुपरवायझरनेच तो काढायला लावला होता.

खासगी दवाखान्याचं बिल ठेकेदाराने भरलं, ते मी नाकारत नाही. पण १३,५०० पगार होता, तो त्या दिवसापासून बंद. आता ४०,००० देतो म्हणतोय, आणि त्यासाठी शंभराच्या स्टॅम्पवर सही हवी: 'अपघात माझ्या चुकीने झाला, यापुढे माझी कसलीही मागणी नाही.' कंपनीवाले म्हणतात, तो आमचा माणूसच नाही.

भाऊ फारसं बोलत नाही. फोन उचलला की सवयीने मागच्या खाचेवर बोट टेकवायला जातो आणि मध्येच थांबतो. लॉक उजव्या तर्जनीचं होतं.

सही करू द्यावी का? केस पुण्यालाच करावी लागेल का? दर तारखेला तिकडे जाणं आम्हाला झेपणार नाही. आमच्याकडे गेटपास, डिस्चार्ज कार्ड आणि बँकेत जमा झालेल्या तीन पगारांच्या नोंदी आहेत. पगारस्लिप कधी दिलीच नाही.

जुना फिटर

ताई, सही अजिबात करू देऊ नका. मी १९ वर्षं प्रेसशॉपमध्ये काढली. असा कागद दर अपघातानंतर निघतो, आणि पोरं घरच्या ओढीने सही करून गावी जातात.

आधी एक सांगा, कारखान्यात माणसं किती होती? दहा किंवा जास्त असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतं. ठेकेदाराने हप्ता भरला नसला तरी हक्क जात नाही, भरायची जबाबदारी त्याची होती. कामाचा पहिला दिवस असला तरी अपघाताचा लाभ मिळतो. बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, आणि कायमचं अपंगत्व मेडिकल बोर्डाने ठरवलं की त्या प्रमाणात दरमहा पैसे, आयुष्यभर. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन अपघाताची नोंद झाली का ते विचारा. अपघातानंतर घाईघाईने कार्ड काढून जुनी तारीख सांगणारे ठेकेदारही पाहिलेत, म्हणून रुजू झाल्याची तारीख पगाराच्या नोंदीवरून दाखवा.

वकीलताई

वरचं बरोबर आहे. ईएसआय लागू असेल तर दुसरा दावा करता येत नाही. लागू नसेल तर अपघाताच्या वेळी लागू असलेला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे. त्याचा हिशेब देते, म्हणजे ४०,००० किती कमी आहेत ते कळेल.

परिशिष्टात तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के, मधल्या बोटाच्या एका पेराला ७, मिळून १८. पगाराच्या ६० टक्के म्हणजे ८,१००. वयानुसार कायद्यात ठरलेला गुणक २४ वर्षांसाठी २१८.४७. गुणाकार करून १८ टक्के काढले की सुमारे ३,१८,५०० रुपये होतात. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड. उपचाराचा खर्च वेगळा.

'माझ्या चुकीने' या वाक्याला घाबरू नका. साध्या चुकीने भरपाई जात नाही. भावानेच मुद्दाम गार्ड काढला असं त्यांना सिद्ध करावं लागेल, आणि तो तर सुपरवायझरने काढायला लावलाय. म्हणून त्या पाळीतल्या एखाद्या सहकाऱ्याचा जबाब मिळतोय का बघा. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दच ठरतो. तरी सही नको, पुढे कोर्टात तोच कागद नाचवतील.

'आमचा माणूस नाही' हेही चालत नाही. काम कंपनीचं असेल तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. दावा तुम्ही राहता त्या भागातही दाखल करता येतो, पुण्याला जायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. पण अपघाताची लेखी नोटीस आजच दोघांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

निलंग्याची लेक

मनापासून आभार. भाऊ म्हणतो एका पाळीत पंधरा-सोळा जण असायचे. म्हणजे ईएसआयच. सोमवारी कार्यालयात जातोय, नोटीस आत्ताच लिहून काढली. ठेकेदाराला फोन करून सही होणार नाही म्हणून सांगितलं.

अजून एक विचारायचंय. त्याच प्रेसवर आता दुसरा मुलगा बसतो, १९ वर्षांचा. गार्ड अजून लावलेला नाही. त्याची तक्रार कुठे करायची? आमचं नाव आलं तर त्या मुलांचं काम जाईल अशी भीती वाटते.

जुना फिटर

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, पुणे कार्यालय. मशीन कुठलं आणि गार्ड कधीपासून नाही ते स्पष्ट लिहा. तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने कंपनीला सांगायचं नसतं, कायद्यातच तसं आहे. आज रात्रीच पाठवा ताई.