कोंबडीखाद्यातील सुगंधी तेले : प्रतिजैविकांना खरा पर्याय आहे का?

मूळ मत
वाढ झपाट्याने व्हावी म्हणून निरोगी कोंबड्यांच्याही खाद्यात अल्प मात्रेत प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली. अशा वापरातून औषधांना न जुमानणारे जिवाणू निपजतात आणि त्यांचा उपद्रव अखेर माणसापर्यंत पोहोचतो, म्हणून ही बंदी सर्वत्र हवी, असे माझे ठाम मत आहे. वनस्पतींची सुगंधी तेले प्रतिजैविकांची जागा घेऊ शकतात. ओव्यातील थायमॉल आणि ओरेगॅनोतील कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीपटलात शिरून त्याला गळके करतात, त्यामुळे पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात आणि पेशीची ऊर्जा संपते. साल्मोनेलासारख्या जिवाणूंना असलेले जादा बाह्य आवरणही ही दोन द्रव्ये विस्कळीत करू शकतात.

प्रतिसाद १ (विरोधी)
बंदीबद्दल माझा वाद नाही, पर्यायाबद्दल आहे. आपण सांगितलेली क्रिया प्रयोगशाळेतल्या द्रवात स्पष्ट दिसते, परंतु खाद्यातील स्निग्धांश आणि प्रथिने या तेलांना धरून ठेवतात आणि परिणामासाठी लागणारी मात्रा बरीच वाढते. त्याहून मोठी अडचण जागेची आहे. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांचा मुख्य तळ कोंबडीच्या अंधांत्रात, म्हणजे आतड्याच्या जवळजवळ शेवटच्या टप्प्यात असतो, तर मोकळ्या स्वरूपात दिलेले तेल बहुतांशी त्याआधीच शोषले जाते. कॅम्पिलोबॅक्टरने कोंबडी सहसा आजारी दिसत नाही, पण माणसाला जुलाब होतात. म्हणून पक्ष्यांचे वजन वाढले, एवढ्यावरून जिवाणू घटले असे मानणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद २ (मूळ मताच्या बाजूने)
शोषणाचा आक्षेप रास्त आहे, परंतु त्यावर उपाय आहे : तेलाभोवती स्निग्ध पदार्थाचे किंवा अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या चिकट पदार्थाचे) सूक्ष्म कवच चढवले, तर ते आतड्यात पुढे जाऊन हळूहळू मोकळे होते. शिवाय सगळे जिवाणू अंधांत्रातच नसतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्समुळे होणारा आतड्याचा दाह लहान आतड्यात होतो, आणि तिथे या तेलांकडून अपेक्षा ठेवणे मुळीच अवाजवी नाही.

प्रतिसाद ३ (विरोधी)
कवच मान्य, पण आत काय आहे? एकाच वनस्पतीच्या तेलातील घटकांचे प्रमाण वाण, हवामान आणि कापणीचा काळ यांनुसार बदलते, आणि गोळीखाद्य तयार करताना वाफेच्या उष्णतेने त्यातला काही भाग उडून जातो. मात्रा बेताने वाढवावी म्हटले, तर उग्र वासामुळे पक्षी खाद्य कमी खाण्याची शक्यता असते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून पालनकर्त्याने पैसे का मोजावेत? विक्रेत्याने तयार गोळीतील थायमॉलचे मोजलेले प्रमाण द्यावे आणि जिवंत पक्ष्यांच्या अंधांत्रातील जिवाणूंची संख्या, तेल न दिलेल्या गटाशी तुलना करून, दाखवावी. प्रतिजैविकाची जागा मागणाऱ्या पदार्थाकडून एवढी अपेक्षा ठेवणे जाचक नाही.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
ही अट मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तेल कमी पडते म्हणून प्रतिजैविकांकडे परतावे, हा निष्कर्ष त्यातून निघू देऊ नये. कोरडे अंथरूण, स्वच्छ पाणी, लसीकरण आणि पक्ष्यांच्या दोन तुकड्यांच्या मधल्या काळात शेडची सफाई यांच्या जोडीने तेल वापरावे, असा माझा आग्रह आहे.