हळदीसाठी रामनही हवं

हळदीतली भेसळ तपासण्याबद्दल कुणीतरी विचारलंय, ‘एफटीआयआर असताना रामन कशाला?’ दोन्ही उजेड टाकून पदार्थातले रेणू ओळखायच्या पद्धती: एफटीआयआर इन्फ्रारेड किरण किती शोषले गेले ते बघते, रामन लेसरचा विखुरलेला उजेड. आपल्या सांगलीची हळदच घ्या. इन्फ्रारेडमध्ये रेणूच्या कंपनाबरोबर द्विध्रुव (धन-ऋण प्रभारांमधली फारकत) बदलावा लागतो, म्हणून पाणी आणि स्टार्चचे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन), सीओ (कार्बन-ऑक्सिजन) बंध ठळक उमटतात. हळदीत स्टार्च भरपूर, त्यामुळे १००० प्रति सेंटिमीटरच्या (आलेखावरची जागा सांगणारी तरंगसंख्या) आसपास त्याचाच रुंद पट्टा पसरतो. रामनला ध्रुवणक्षमतेतला, म्हणजे रेणूचा इलेक्ट्रॉन-ढग किती सहज वाकतो त्यातला बदल लागतो. तिथे पाणी फिकं पडतं, कर्क्युमिनचे (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) दुहेरी बंध १६०० ते १६३० दरम्यान उठून दिसतात. भेसळीतलं लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, ८४० जवळ टोकदार शिखर देतं, ते लपत नाही.

पण एक गोची आहे, आणि तीच जास्त छळते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर मारलात तर कर्क्युमिन स्वतःच चमकतं आणि त्या उजेडात शिखरं बुडून जातात. १०६४ नॅनोमीटरचा लेसर मिळाला तर तोच वापरा, त्यात ही चमक फारशी येत नाही, आणि त्याचीही पॉवर बेतानंच ठेवा, भुकटी करपते. मायक्रोस्कोप जोडलेला असेल तर एकाच ठिपक्यावर विसंबू नका. क्रोमेटचे कण विखुरलेले असतात, एखादा ठिपका स्वच्छ निघाला म्हणून अख्खं पोतं शुद्ध ठरत नाही.

एटीआर, म्हणजे एफटीआयआरला जोडायचा हिऱ्याचा स्फटिक, मात्र झटपट पहिल्या चाळणीला उत्तम. चिमूटभर भुकटी हिऱ्यावर दाबायची, बस्स.