मदत हवी आहे : बाबांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि आम्ही लालबागला राहतो. त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे अशी माझी जवळजवळ खात्री झाली आहे. त्यांना स्वतःला मात्र ते मुळीच मान्य नाही. "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता," असे त्यांचे म्हणणे असते.

मला पहिला संशय आला तो भाजी घेताना. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी वीस रुपयांना सांगितली आणि बाबांनी तीस रुपये काढून दिले. त्याने दहाची नोट परत केली, तेव्हा ते गोंधळून माझ्याकडे पाहत म्हणाले, "आत्ता तीस म्हणाला ना?" दोन्ही शब्दांतला दीर्घ 'ई' त्यांना नीट ऐकू आला होता, फक्त सुरुवातीचे अक्षर निसटले होते. स्वर जड आवाजाचे आणि जोरकस असतात, तर स, श, त, फ यांसारखी व्यंजने बारीक आणि उंच पट्टीची असतात. वयोमानाने किंवा गोंगाटाने कान बिघडतात तेव्हा आधी ही उंच पट्टीच जाते, असे पुढे वाचनात आले. बाबांना दारावरची टकटक ऐकू येते, रस्त्यावरून जाणारी बेस्टची बस ऐकू येते, पण काखेत लावलेला थर्मामीटर वाजून थांबला तरी ते तो तसाच धरून बसतात. नातीचा बारीक आवाज त्यांना कळत नाही, माझ्या भावाचा कळतो. आम्ही मात्र इतके दिवस समजत होतो की ते तिच्याकडे लक्ष देत नाहीत.

त्यांनी सुमारे २६ वर्षे कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, काम केले. साचेखात्यात शेजारच्या माणसाचे बोलणेसुद्धा ऐकू येत नसे, त्यामुळे सगळे खाणाखुणांनी आणि ओठांकडे पाहून बोलत, असे तेच सांगतात. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडत राहिला तर कान कायमचे बिघडू शकतात, कारण आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ओठ वाचण्याची ती सवय पुढे इतकी अंगवळणी पडली की त्यांचे कमी ऐकणे आम्हाला कळलेच नाही. २०२० साली सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि बाबा प्रत्येक वाक्याला "काय?" विचारू लागले. आम्ही मास्कला दोष देऊन मोकळे झालो. तेव्हाच जागे व्हायला हवे होते, ही बोच मनात राहिली आहे.

आणखी काही गोष्टी सांगते. चार माणसे एकदम बोलू लागली, किंवा पंखा आणि टीव्ही दोन्ही चालू असले, की त्यांचा धागा तुटतो आणि ते गप्प होतात. रात्री कानात रातकिडे ओरडतात, असे त्यांनी आईला दोनदा सांगितले आहे. हळू बोललेले त्यांना कळत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की "ओरडतेस कशाला?" म्हणून ते चिडतात. हेही आतल्या कानाच्या बिघाडाचेच लक्षण असू शकते, हे मला फार उशिरा समजले. नातेवाईक म्हणतात की त्यांना विसरायला होते. माझ्या मते त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या कानापर्यंत पोहोचलेल्याच नसतात. अर्थात कमी ऐकू येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत धरले जाते, म्हणून मला ही तपासणी लांबवायची नाही. (एखाद्याचा कान दोन-तीन दिवसांत अचानक बंद झाला, तर मात्र वाट पाहू नये, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. बाबांचे तसे नाही, हे वर्षानुवर्षे हळूहळू झाले आहे.)

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उजव्या कानातला मळ काढला, त्याने थोडासाच फरक पडला. नंतर एका दुकानात मोफत तपासणीसाठी गेलो, तर रस्त्यालगतच्या काचेच्या खोलीत दहा मिनिटांत सगळे उरकून "दोन्ही कानांची मशिने आजच घ्या" असा आग्रह सुरू झाला. तेव्हापासून बाबा तपासणीचे नाव काढू देत नाहीत.

म्हणून विचारते. आधी केईएम किंवा नायर रुग्णालयात ईएनटी तज्ज्ञांना दाखवावे, की वांद्रे रेक्लमेशनला असलेल्या, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत थेट जावे? हवेतून आणि हाडातून अशा दोन्ही मार्गांनी आवाज ऐकवून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, केली की दोष कानाच्या बाहेरच्या आणि मधल्या भागात आहे की आतल्या, ते कळते. अशी पूर्ण तपासणी बंद, आवाजरोधक खोलीत झालेली मला हवी आहे. कोणी आपल्या आईवडिलांना नेले असेल, तर किती वेळ थांबावे लागले आणि कोणते कागद लागले, ते कृपया लिहावे. मुख्य म्हणजे, न दुखावता त्यांना तयार कसे केले? मळ पुन्हा तपासून घेऊ, असे सांगून न्यावे असे आई म्हणते, पण बाबांशी खोटे बोलायला माझे मन धजत नाही.

शेवटचा प्रश्न शब्द ओळखण्याच्या चाचणीचा आहे. ती मराठी शब्द वापरून घेतात का? बाबांचे हिंदी कामापुरतेच आहे. हिंदी शब्द ऐकवले, तर कोणता शब्द ऐकू आला नाही आणि कोणता मुळात ठाऊकच नव्हता, हे तपासणाऱ्याला कसे कळणार?